न मागणाऱ्याचे देणे

भूक लागलेले मूल रडते. ताप चढलेले मूल आईला बिलगते. पायात काटा रुतलेले मूल लंगडत घरी येते आणि पाय पुढे करते. फळ्यावरची अक्षरे न दिसणारे मूल मात्र यांतले काहीच करत नाही. त्याला काही दुखत नसते आणि आपल्याला कमी दिसते हेही त्याला ठाऊक नसते. ज्याने जग पहिल्यापासून धूसरच पाहिले, त्याच्या लेखी जग तसेच असते. फार तर ते डोळे बारीक करते, वही नाकाशी धरते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. काही महिन्यांत गुरुजींच्या दृष्टीने ते ‘लक्ष नसलेले’ ठरते, वर्षा-दोन वर्षांत ‘ढ’ ठरते, आणि पुढे घरच्यांनाही ते पटते. या साऱ्यात कुणी दुष्टपणा केलेला नसतो. कुणी मदत नाकारलेलीही नसते, कारण मदत कुणी मागितलेलीच नसते. धर्माचा आणि नीतीचा एक अवघड प्रश्न इथे उभा राहतो. ज्याला आपले उणे ठाऊकच नाही आणि म्हणून जो कधी मागणार नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? लागत असलो, तर ते दान म्हणायचे की कर्ज?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे मला योग्य वाटते. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे या गावाची ओळख झाली. तिथे विवेकानंद विद्या मंदिर आहे, कृषी महाविद्यालय आहे, आणि रुग्णसेवा हा महाराजांच्या कामाचा मोठा भाग होता. दरवर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाची पंगत बसते. माणसे इतकी असतात, की वाढपी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून अन्न घेऊन ओळींमधून फिरतात. भगवे वस्त्र घेतलेल्या माणसाने रोग्याची नाडी पाहणे, शाळा काढणे आणि लाखोंना जेवू घालणे यांत काही विसंगती नाही, हे त्या परिसराला कुणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून इथे ‘धर्मसंस्थेने डोळ्यांची काळजी घ्यावी का’ एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. सेवा मान्य झालेल्या ठिकाणी पुढचा प्रश्न विचारायला हवा : सेवेची आपली जी कल्पना आहे, ती न मागणाऱ्या मुलापर्यंत पोचते का?

माझे म्हणणे असे, की ती सहसा पोचत नाही, आणि याचे कारण पैशाच्या टंचाईपेक्षा आपल्या दानकल्पनेच्या घडणीत अधिक आहे. आपल्या पुराणांतल्या मोठ्या दात्यांच्या कथा आठवून पाहाव्यात. कर्णाकडे इंद्र कवचकुंडले मागायला येतो. बळीकडे वामन तीन पावले भूमी मागतो. शिबीच्या मांडीवर कपोत येऊन पडतो आणि ससाणा आपले भक्ष्य मागतो. हरिश्चंद्रापुढे विश्वामित्र उभा असतो. प्रत्येक कथेत दाराशी कुणीतरी याचक आहे, आणि दात्याची कसोटी एकच आहे : तो नाही म्हणतो की देतो. या कथांनी आपल्याला ‘नाही म्हणू नये’ हे उत्तम शिकवले. परंतु जिथे कुणी आलेलेच नाही तिथे काय करावे, याबद्दल त्या फारसे बोलत नाहीत. त्यामुळे विन्मुख न पाठवणारा माणूस धार्मिक ठरतो. शोधत जाणारा माणूस धार्मिकतेची किमान अट पुरी करतो आहे, असे आपल्याला वाटत नाही. तो काहीतरी जादा करतो आहे, असेच वाटते.

हिवरा आश्रमाने ज्यांचे नाव घेतले, त्या विवेकानंदांच्या विचारात या घडणीला छेद देणारी एक गोष्ट आहे. १८८४ साली दक्षिणेश्वरी वैष्णव मताची चर्चा चालली असताना जीवांवर दया करण्याचा विषय निघाला. तेव्हा रामकृष्णांनी दया हा शब्दच नाकारला. दया करणारे आपण कोण, जीवाला शिव मानून त्याची सेवा करावी, असा त्यांचा आशय होता. तरुण नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, तो ऐकला आणि पुढे दरिद्रनारायणाची कल्पना व १८९७ साली स्थापन झालेले रामकृष्ण मिशन यांतून तो कृतीत उतरवला. या विचाराची नेहमीची मांडणी ‘गरिबाला तुच्छ लेखू नका’ एवढ्यावर थांबते. तिचा तर्क थोडा पुढे नेला, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. देव नैवेद्य मागत नाही. पंढरीची काकडआरती विठोबाने विनंती केली म्हणून होत नाही. पूजा करणे हे पूजकाचे काम असते, आणि देवाच्या मौनामुळे त्याची त्यातून सुटका होत नाही. समोरच्या जीवात शिव आहे हे खरोखर मानले, तर त्या जीवाच्या न मागण्यानेही आपली सुटका होत नाही. दयेला याचक लागतो, कारण दया उत्पन्न व्हायला दुःख दिसावे लागते. पूजेला तसा याचक लागत नाही. हे तत्त्व त्या आश्रमाच्या पंगतीत रोखठोक दिसते : पानावर बसलेल्याने उठून वाढप्याकडे जायचे नसते, वाढप्यानेच ओळ न चुकवता प्रत्येक पानापर्यंत यायचे असते. मुलांच्या डोळ्यांचे कामही याच रीतीने होऊ शकते. शिबिराचा फलक लावून वाट पाहिली, तर ज्याला आपले दुखणे कळले आहे तोच येतो.

मोतीबिंदूची शिबिरे महाराष्ट्रात यशस्वी झाली, त्यामागे हेच कारण आहे. साठीतल्या माणसाने आयुष्यभर नीट पाहिलेले असते. काय गेले हे त्याला कळते, तो सुनेला सांगतो, नातवाचा हात धरून शिबिराला येतो, एकदा शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक वेळा काम संपते. मुलाच्या बाबतीत यांतली प्रत्येक गोष्ट उलटी आहे. त्याला कळत नाही, ते सांगत नाही, आणि एकदा चष्मा देऊन काम संपत नाही. नंबर बदलतो, फ्रेम लहान पडते, काच फुटते. म्हणून मोठ्यांसाठी बसवलेली शिबिराची पद्धत मुलांना जशीच्या तशी लावली, तर ती फसणारच. मुलांसाठी दरवर्षी, शाळेत, पटावरच्या प्रत्येकाला तपासणारी रीत हवी. सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट अंतरावर तक्ता टांगून, एकेक डोळा झाकून, ‘ई’ या इंग्रजी अक्षराची तोंडे कुठल्या दिशेला आहेत हे बोटांनी दाखवायला सांगणे एवढीच पहिली पायरी असते. ती शिक्षकाला शिकवता येते, आणि वाचता न येणाऱ्या मुलालाही ही तपासणी देता येते. अडखळलेल्या मुलांना पुढे नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने तपासायचे, नंबर काढायचा, आणि चष्म्यापलीकडचे काही आढळले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे.

याला घाई का करायची, याचे उत्तर शरीरशास्त्र देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे, आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचे आहेत. मुलांमध्ये या न झालेल्या उपचारांत मोठा वाटा साध्या चष्म्याचा आहे. परंतु मुलांचे एक वेगळेपण आहे. डोळा चित्र घेतो, पाहायला शिकतो तो मेंदू. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की जन्मानंतरच्या ठरावीक काळात एक डोळा झाकून ठेवला, तर तो पुढे उघडूनही मेंदूतल्या पेशी त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळाले. माणसाच्या मुलातही तेच होते. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठी तफावत असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू अधू डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार झाले तर तो बराचसा सुधारतो. वय वाढत गेले की यशाची शक्यता घटत जाते, आणि पंचविशीत कितीही महागडा चष्मा आणला तरी गेलेले परत मिळत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र अशा तीन कसोट्या सांगितल्या आहेत, आणि परतफेड न करू शकणाऱ्याला, द्यायलाच हवे म्हणून दिलेले ते दान, असेही म्हटले आहे. या तिन्ही कसोट्या इतक्या नेमकेपणाने लागू पडणारे दुसरे दान क्वचित असेल. देश म्हणजे शाळा, पात्र म्हणजे परतफेड करू न शकणारे मूल, आणि काल म्हणजे मेंदूने घालून दिलेली मुदत. पर्वकाळ पाहून दान करणाऱ्यांनी या मुदतीकडेही पाहायला हवे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप खुद्द विवेकानंदांच्या ग्रंथातूनच येतो. कर्मयोगावरच्या व्याख्यानांत त्यांनी मदतीची प्रतवारी लावली आहे : शरीराची गरज भागवणारी मदत खालची, विद्येची त्याहून वरची, आध्यात्मिक ज्ञानाची सर्वांत वरची. मग त्यांच्या नावाच्या संस्थेने चष्म्यासारख्या अगदी शारीरिक गोष्टीत का गुंतावे? पण त्यांनी ही प्रतवारी कशाच्या आधाराने लावली, ते पाहावे. एखादी गरज किती काळासाठी आणि किती दूरवर भागते, हा त्यांचा निकष आहे. एका जेवणाने काही तास भागतात, विद्येने आयुष्य भागते. या निकषाने चष्मा कुठे बसतो? तो नाकावर असतो म्हणून शारीरिक, पण त्याचे फळ वाचनात उतरते. चीनच्या गान्सू आणि शान्शी प्रांतांतल्या सुमारे अडीचशे शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या तीन हजारांवर मुलांचा एक काटेकोर अभ्यास झाला आणि तो २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काही शाळांत मुलांना मोफत चष्मे दिले होते. शैक्षणिक वर्ष सरताना त्या मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा मोजता येण्याइतके वाढलेले होते, आणि ही वाढ आईबापांच्या शिक्षणाने किंवा घरच्या सुबत्तेने पडणाऱ्या फरकाहून मोठी होती. म्हणजे चष्मा हे शरीराच्या वाटेने जाणारे विद्यादानच आहे. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत आणि अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार अशी दोन सूत्रे वेगवेगळी आहेत. एका चष्म्यात ती दोन्ही पाळली जातात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : बाहेरच्या डोळ्यांचे एवढे महत्त्व कशाला, खरा डोळा आतला. विदर्भाला तर याचे जितेजागते उदाहरण लाभले आहे. गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले गेले, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी वेदान्तापासून संगीत आणि आयुर्वेदापर्यंत विस्तीर्ण ग्रंथरचना केली. त्यांच्यापुढे नतमस्तक होताना एक गोष्ट विसरू नये. त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारी आणि त्यांचे बोलणे लिहून घेणारी माणसे होती. म्हणजे त्यांच्यासाठी दुसऱ्यांचे डोळे सतत कामी येत होते. अंधत्वावर मात करणारी प्रतिभा हा अंधत्वाचा गुण ठरत नाही. शिवाय इथे विषय अंधत्वाचा नाही, तर काही शे रुपयांच्या काचेने सुटणाऱ्या अडचणीचा आहे. जे दुःख अटळ आहे त्याला आध्यात्मिक अर्थ देणे हे धैर्य असते. जे सहज टाळता येते त्याला तसा अर्थ देणे ही पळवाट असते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या दुःखाबाबत काढली जाते. आतल्या डोळ्याची थोरवी सांगणारा प्रवचनकार पोथी वाचताना स्वतःचा चष्मा काढून ठेवत नाही.

तिसरा आक्षेप प्रारब्धाचा. मूल अधू डोळे घेऊन आले, ते त्याच्या पूर्वकर्माचे फळ, असे उघडपणे म्हणणारे आता कमी झाले असले, तरी ‘नशिबात होतं’ हे वाक्य अजून सहज निघते. कर्मसिद्धान्त खरा मानला, तरी त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. तो सिद्धान्त माणसाने स्वतःच्या दुःखाकडे पाहण्यासाठी आहे : मला भोगावे लागते आहे, तर मी ते धीराने भोगीन आणि पुढचे कर्म सुधारीन. तोच सिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखाला लावला, की तो न्यायाधीशाचा निवाडा होतो, आणि त्या खुर्चीवर आपल्याला कुणी बसवलेले नाही. शिवाय प्रारब्धाचा हिशेब पुरता मांडायचा, तर शेजारी चष्म्याचे दुकान असणे, तालुक्याला नेत्रतपासणीची सोय असणे, गावात आश्रम असणे हेही त्या मुलाच्या प्रारब्धातच धरायला हवे. आळशी डोळ्याच्या बाबतीत तर तर्क पुरता उलटतो. जन्मतः फक्त नंबराचा फरक होता. कायमचे नुकसान झाले ते सात वर्षे कुणी तपासले नाही म्हणून. हे मुलाचे संचित नसून आपले क्रियमाण आहे, आणि ते आपल्या खात्यावर जमा होते.

चौथा आक्षेप व्यवहाराचा : हे सरकारचे काम आहे आणि सरकार ते करते. यात तथ्य आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व गरजूंना मोफत चष्मे हे त्याचे एक अंग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर महाराष्ट्रातूनच, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलांची तपासणी करतात, आणि त्यांच्या यादीत दृष्टिदोष आहे. तेव्हा समांतर यंत्रणा उभारण्यात धर्मसंस्थेने शक्ती घालवू नये. पण सरकारी काम कुठे थांबते, ते पाहायला हवे. पुणे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये तपासणी करून चष्मे दिलेल्या हजारावर मुलांना काही महिन्यांनी पुन्हा गाठून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष चष्मा लावलेली मुले तीस टक्क्यांच्याही किंचित आतच निघाली. कुणाचा हरवला होता, कुणाचा फुटला होता, कुणाचा घरी पडून होता, कुणाला मित्र चिडवत होते. चीनच्या त्या अभ्यासातही मोफत चष्मा मिळालेल्यांपैकी अचानक पाहणीच्या वेळी सुमारे ४१ टक्केच तो लावलेले आढळले. म्हणजे दोष शोधला गेला, नंबर निघाला, पैसा खर्च झाला, कागदावर काम पुरे झाले, आणि निम्म्याहून अधिक मुलांना दिसेनासे ते दिसेनासेच राहिले. हे अंतर काचेचे नाही, ते मनाचे आणि रिवाजाचे आहे. चष्म्याने डोळे आणखी बिघडतात हा समज, ‘ढापण्या’ म्हणून होणारी टवाळी, मुलीला चष्मा लागला तर उद्या स्थळ कसे येईल ही आईची काळजी. शासकीय परिपत्रकाने यांतले काही हलत नाही. ज्याच्या शब्दाखातर लोक दारू सोडतात, माळ घालतात, पंगतीत जात विसरून बसतात, अशा ठिकाणाहून कीर्तनात, पालकसभेत, उत्सवाच्या व्यासपीठावरून सांगितले गेले तर हलू शकते. शासनाकडे यंत्रे आणि तज्ज्ञ आहेत, आश्रमाकडे विश्वास आहे. तीस टक्क्यांवरून पुढे जाण्यासाठी उणीव याच दुसऱ्या गोष्टीची आहे.

इथे पाचवा आक्षेप येतो, आणि धार्मिक मनाला तो सर्वांत खोल वाटेल. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. मग चष्मे देऊन झाल्यावर किती मुलांच्या नाकावर ते टिकले याची मोजदाद ठेवणे, टक्केवारी पाहणे, कमी भरली तर अस्वस्थ होणे ही फलासक्ती नाही का? आपण द्यावे आणि विसरावे, हेच निष्काम नव्हे का? मला वाटते, आपल्या सेवाकार्यातला मोठा गोंधळ या गैरसमजातून आला आहे. निष्काम कर्मात जे सोडायचे ते माझे फळ : माझे पुण्य, माझे नाव, माझ्या संस्थेची कमान, वर्तमानपत्रातला फोटो. मुलाला दिसणे हे माझे फळ नाही, त्या कर्माचे ते प्रयोजन आहे. प्रयोजनच सोडून दिले, तर उरते ती नुसती हालचाल, तिला कर्मही म्हणता येत नाही. वैद्याने औषध देऊन रोगी बरा झाला की नाही हे विचारलेच नाही, तर त्याला आपण निष्काम म्हणणार नाही, निष्काळजी म्हणू. गीतेने योगाचा संबंध कर्मातल्या कौशल्याशी जोडला आहे आणि ज्ञानी माणसालाही लोकसंग्रहासाठी कर्म करायला सांगितले आहे. लोकांचे भले झाले की नाही हे न पाहता लोकसंग्रह कसा होणार? उलट ‘दिले आणि विसरलो’ ही वृत्तीच तपासली, तर तिच्यात सूक्ष्म सकामता सापडते. देण्याच्या क्षणीच ज्याचे समाधान पूर्ण होते, त्याला हवे होते ते त्याला मिळालेले असते : देण्याचे समाधान. मुलाचे काय झाले हे पाहायला सहा महिन्यांनी परत जाणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या नसतात, अनेकदा अपयशाचे आकडेच असतात. तरीही जो जातो, आकडे सरळ लिहितो, आणि पुढच्या वर्षी फ्रेम मुलालाच निवडू देतो, फुटलेली विनाप्रश्न बदलून देतो, तो मला निष्कामतेच्या अधिक जवळचा वाटतो.

याला लागूनच एक शंका आहे, आणि ती झटकून टाकू नये. न मागणाऱ्याला देणे म्हणजे त्याचे भले आपणच ठरवणे. धर्मसंस्थांना हा मोह लवकर होतो. आज चष्मा, उद्या उपासना, परवा आज्ञा. ही भीती खरी आहे, म्हणून अशा देण्याला मर्यादा घातल्या पाहिजेत. चष्म्याबरोबर कसलीही अट नको. ज्या घरात नमाज होते, ज्या घरात त्रिशरण म्हटले जाते, ज्या घरात देव्हाराच नाही, तिथल्या मुलाला तो तसाच मिळावा. आईबापांना विचारलेले असावे. व्यासपीठावर उभे करून, गरिबीची पाटी गळ्यात अडकवल्यासारखा तो दिला जाऊ नये. गीतेने अवमानाने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे, आणि मापात न बसणारी, सगळ्यांना एकाच रंगाची, दुरूनच ‘फुकटची’ म्हणून ओळखू येणारी फ्रेम हाही अवमानच आहे. पण या मर्यादा पाळल्या, तर शंकेचे मूळ निघून जाते. मुलावर आपले मत लादणे वेगळे, आणि ज्याच्या बळावर ते स्वतःचे मत बनवील ती शक्ती त्याला देणे वेगळे. ज्याला वाचता येते तो उद्या आश्रमाच्या विरुद्धही वाचू शकतो, लिहू शकतो. असे स्वातंत्र्य देणारी सेवा लादलेली ठरत नाही.

शेवटचा आक्षेप भुकेचा. कोरडवाहू शेती, नापिकी, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी गांजलेल्या पश्चिम विदर्भात चष्म्याची चर्चा ही चैन नाही का? भूक आणि डोळा हे वेगळे विषय आहेत असे गृहीत धरल्याशिवाय हा आक्षेप उभा राहत नाही. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलेल्या बालकाला आधी संध्याकाळचे दिसेनासे होते, आणि हयगय झाली तर बुबुळ पांढरे पडून दृष्टी कायमची जाते. त्यावर उपाय शेवग्याच्या पाल्यात, पपईत आणि अंगणवाडीतल्या डोसात आहे. तिथे अन्न देणे हीच नेत्रसेवा असते. दुसरीकडे, शेती आतबट्ट्याची झालेल्या घरात मुलाचे शिक्षण हीच उरलेली वाट असते. त्या वाटेवर मुलाला ‘ढ’ ठरवून मागे ठेवणारी अडचण जर काही शे रुपयांत दूर होत असेल, तर ती दूर न करणे हीच त्या घराला न परवडणारी चैन आहे.

म्हणून सुरुवातीच्या पर्यायांतून मी दुसरा निवडतो : हे दान नाही, ऋण आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे वैदिक परंपरा मानते, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत माणसांच्या ऋणाची भर घातली. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. ज्या मुलाला अक्षर दिसत नाही, त्याला ते फेडण्याची संधीच मिळत नाही, आणि ती न मिळण्याचे कारण आपण असू तर त्याच्या न फिटलेल्या ऋणाचा भार आपल्यावर येतो. दान कमी-अधिक करता येते, सवडीने करता येते, त्याबद्दल आभार घेता येतात. ऋणाला रक्कम असते, मुदत असते, आणि ते फेडल्याबद्दल कुणी सत्कार करत नाही. शाळा, विश्वास आणि माणसे ज्या संस्थेच्या हाती आहेत, तिला हा हिशेब मांडणे अवघड नाही : पटावर मुले किती, यंदा तपासली किती, चष्मा लागला किती जणांना, आणि सहा महिन्यांनी तो लावून वर्गात बसलेली किती. वार्षिक अहवालात जमा-खर्चाच्या शेजारी हे चार आकडे, चांगले असोत वा वाईट, छापले जावेत. त्यांतला शेवटचा आकडा पहिल्या तिघांहून महत्त्वाचा आहे, कारण ऋण किती फिटले ते त्या एकाच आकड्यावरून कळते.